सीमेवरच्या गावातलं घर आणि पाचशे वर्षांपूर्वीचे शेजारी

मंडळी, मागच्या महिन्यात घराच्या दाराचा एक फोटो टाकला होता. तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय. "तिकडे घर घेतलं की पासपोर्ट मिळतो ना?" पापडीपासून विरारपर्यंतच्या निदान वीस जणांनी विचारलं असेल. एकाने तर थेट बजेट सांगितलं.

तर सगळ्यांना एकदाच उत्तर. नाही मिळत. २०१२ साली पोर्तुगालने गोल्डन व्हिसा काढला, त्यात पाच लाख युरोचं घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळायचा. ऑक्टोबर २०२३ मध्ये घरखरेदीचा तो रस्ता कायद्याने बंद झाला. आता घर घ्या, दोन घ्या, तुम्ही फक्त घरमालक; राहायचा परवाना वेगळ्या खिडकीवर. आम्ही बायकोच्या नोकरीच्या परवान्यावर आलो, आधी लिस्बनला भाड्याने राहिलो, आणि नंतर हे घर घेतलं. वसईत स्टेशनजवळ वन-बीएचके घ्यायला जेवढे लागतात साधारण तेवढ्यात. छप्पर गळत होतं ते वेगळं.

पण "पैसे भरले तर आत घेतात का?" हा प्रश्न ज्या गावात बसून मी वाचतोय, त्या गावाला तो नवा नाही. म्हणून ही पोस्ट. लांब आहे, चहा घेऊन बसा.

गावाचं नाव काश्तेलू द व्हीद. लिस्बनपासून गाडीने अडीच-तीन तास, आलेन्तेजू प्रांताच्या वरच्या टोकाला, डोंगराच्या उतारावर. वस्ती सुमारे तीन हजार. वर किल्ला, किल्ल्याच्या खाली उतरत जाणाऱ्या दगडी गल्ल्या, पांढरी चुन्याची घरं, दारांना टोकदार कमानींच्या दगडी चौकटी. सीमा इतकी जवळ की आम्ही पेट्रोल भरायला स्पेनमध्ये जातो, तिकडे स्वस्त मिळतं. मात्र तिकडचं घड्याळ एक तास पुढे असतं, त्यामुळे पंप दुपारचा बंद व्हायच्या आत पोचायचं गणित सारखं चुकतं. पेट्रोल भरायचं ते स्पॅनिश गाव म्हणजे व्हालेन्सिया द आल्कांतारा. हे नाव लक्षात ठेवा, परत येणार आहे.

१२९७ च्या आल्कान्यिसेसच्या तहाने ही सीमा ठरली, आणि किरकोळ बदल सोडले तर ती आजही जवळपास तिथेच आहे. युरोपातल्या सगळ्यात जुन्या सीमांपैकी एक. ती सांभाळायला म्हणून हे किल्ले. आमच्या खिडकीतून पलीकडच्या डोंगरावरचा मारव्हाँवचा किल्ला दिसतो, दक्षिणेला एल्व्हासची तटबंदी आहे. १७०४ मध्ये फ्रेंच-स्पॅनिश फौजेने आमचं गावही घेतलं होतं. पण मला लढायांपेक्षा जास्त ओढ वाटते ती किल्ल्याखालच्या आमच्या गल्लीची. तिला ज्युदियारिया म्हणतात. ज्यूंचा मोहल्ला.

३१ मार्च १४९२. स्पेनच्या फर्नांदो आणि इसाबेल या राजा-राणीने फर्मान काढलं: ज्यूंनी बाप्तिस्मा घ्यावा, नाहीतर जुलै संपायच्या आत देश सोडावा. चार महिने. घरं, मळे, दुकानं मिळेल त्या भावात फुंकून हजारो कुटुंबं निघाली. समुद्र लांब, जहाजाचं भाडं परवडत नाही. सगळ्यात जवळची वाट म्हणजे ही सीमा. पोर्तुगालचा राजा दुसरा जुआंव याने दार उघडलं, पण फुकट नाही. त्या काळचे बखरकार सांगतात, माणशी आठ क्रुझादो आणि मुदत आठ महिन्यांची. ज्यांच्याकडे भरपूर पैसा होता अशा सहाशे कुटुंबांना जास्त रक्कम घेऊन कायमचं राहू दिलं. बाकीच्यांनी आठ महिन्यांत जहाज पकडून जायचं. जहाजं वेळेवर मिळाली नाहीत. जे राहिले ते राजाचे गुलाम ठरले. १४९३ मध्ये त्यांची लहान मुलं आईबापांपासून तोडून आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर पाठवली. त्यातली बहुतेक जगली नाहीत.

म्हणजे गोल्डन व्हिसा होता, आणि त्याच्या खाली आठ महिन्यांचा व्हिसाही होता. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आमच्या परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख पुढे ढकलली गेली होती, आणि मी मनातल्या मनात शिव्या देत होतो. नंतर जरा गप्प झालो.

पुढचा राजा मानुएल. त्याला स्पेनच्या राजकन्येशी लग्न करायचं होतं, आणि तिकडची अट होती की तुमच्याकडचे ज्यू काढा. १४९६ च्या डिसेंबरात त्याने हद्दपारीचा हुकूम काढला. पण एवढी कामाची माणसं, वैद्य, कारागीर, सावकार घालवायचे कसे? म्हणून १४९७ मध्ये जाऊच दिलं नाही, सरसकट बाप्तिस्मा दिला. एका वर्षात ज्यू संपले आणि 'नव-ख्रिस्ती' नावाची नवी जात तयार झाली. जात हाच शब्द वापरतोय, कारण पुढची अडीच-तीनशे वर्षं तुमचे आजोबा-पणजोबा कोण होते यावर नोकरी, लग्न, पद ठरत राहिलं.

याच धांदलीत व्हालेन्सिया द आल्कांताराहून एक व्यापारी कुटुंब सीमा ओलांडून आमच्या गावात आलं. आम्ही पेट्रोलला जातो तेवढाच रस्ता. इथे राहिले, धंदा मांडला. १५०१ च्या सुमारास त्यांना मुलगा झाला. नाव गार्सिया. गार्सिया द ओर्ता.

पणजीला चर्चसमोरच्या बागेत बसला असाल तर त्याच्या नावाच्या बागेत बसलात. पण त्याचं आपल्याशी नातं बागेपुरतं नाही. सालामांका आणि आल्काला इथे वैद्यकी शिकून तो गावी परतला, इथे काही काळ दवाखाना चालवला, मग लिस्बनला गेला, विद्यापीठात शिकवू लागला. नाव झालं होतं. तरीही मार्च १५३४ मध्ये मार्तिं आफोंसू द सौझाच्या ताफ्याबरोबर तो हिंदुस्थानला निघाला. त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातच्या बहादुरशहाने वसई पोर्तुगीजांना तोडून दिली. म्हणजे आपली वसई आणि हा वैद्य, दोघांचं पोर्तुगीज राज्यातलं आयुष्य जवळपास एकाच वेळी सुरू झालं. दोन वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालात इन्क्विझिशन बसलं. चांगली नोकरी सोडून माणूस एवढ्या लांब का गेला असेल, याचा अंदाज मला यातून येतो.

इकडे त्याने काय केलं नाही! गोव्यात वैद्यकी केली, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर उपचार केले, त्याच्या दरबारातल्या हकिमांशी वाद घातले. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्याला पोर्तुगीज सरकारकडून खंडाने मिळालं. होय, अख्खं मुंबई बेट. आज एशियाटिकच्या मागे नौदलाचा जो भाग आहे, तिथे कुठेतरी त्याचा वाडा आणि बाग होती, आणि त्या बागेतला आंबा वर्षातून दोनदा फळतो असं त्याने लिहून ठेवलंय. पुढे मुंबई इंग्रजांना आंदण गेली, तेव्हा १६६५ मध्ये ताबा देण्याचे कागद त्याच वाड्यात झाले. त्यामुळे मुंबईत 'बाहेरून आलेल्या' घरमालकांची यादी कोणी काढायला बसलं, तर पहिल्या पानावर माझ्या गल्लीतल्या या माणसाचं नाव घालावं लागेल.

१५६३ मध्ये गोव्यात छापलेलं त्याचं पुस्तक म्हणजे इकडच्या औषधी वनस्पतींवरचे संवाद. दोन वैद्य बोलतायत, मध्ये एक दासी येऊन काहीतरी आणून देते, असा सगळा मामला. लॅटिन सोडून साध्या पोर्तुगीजमध्ये लिहिलेलं. हिंग, हळद, फणस, भांग, सगळं त्यात आहे. पटकीचं वर्णन करताना तो सांगतो की इथले लोक याला 'मोर्शी' म्हणतात. अहो, ती आपली मोडशी! आमची आजी अजीर्णालासुद्धा मोडशी म्हणायची. तिचा शब्द साडेचारशे वर्षांपूर्वी या गल्लीतल्या पोराने छापून ठेवला होता, हे कळल्यावर मी बायकोला झोपेतून उठवून सांगितलं. तिने फारसा उत्साह दाखवला नाही.

१५६० मध्ये इन्क्विझिशन गोव्यातही पोचलं. गार्सिया १५६८ मध्ये वारला, अंथरुणात, मानाने. पण त्याची बहीण कातारीना हिला त्यानंतर लगेच पकडलं. चोरून ज्यू धर्म पाळल्याचा आरोप. ऑक्टोबर १५६९ मध्ये तिला गोव्यात जिवंत जाळलं. त्या खटल्यात भावाबद्दलही जबान्या झाल्या होत्या, आणि १५८० मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळण्यात आली. व्हालेन्सियाहून इथे, इथून लिस्बन, लिस्बनहून गोवा. दोन पिढ्यांत एवढं लांब गेले, तरी कागद मागे आलेच.

असो. आता माझ्या कागदांबद्दल सांगतो, कारण 'प्रोसेस काय' हेही खूप जणांनी विचारलंय.

आधी कर-क्रमांक काढायचा. मग घराचे दोन उतारे बघायचे, एक कर खात्याचा आणि एक जमीन-नोंदणीचा. आपल्याकडे सातबारा आणि प्रॉपर्टी कार्ड जुळत नाहीत, तसे तिथेही जुळत नाहीत. माझ्या घराच्या क्षेत्रफळात दोन्हीकडे बारा चौरस मीटरचा फरक निघाला. मग साठेखत. दहा टक्क्यांच्या आसपास इसार. खरेदीदार मागे हटला तर इसार जातो, विकणारा मागे हटला तर त्याने दुप्पट परत करायचा. हा नियम मला फार आवडला. ऐतिहासिक भागातलं घर असलं तर आधी ते पालिकेला किंवा सरकारला हवंय का, हे विचारावं लागतं. त्यांनी नको म्हटलं की खरेदीखत. नोटरी अख्खं खत मोठ्याने वाचतो, सगळ्यांनी ऐकायचं. मुद्रांक शुल्क ०.८ टक्के, हस्तांतरणाचा कर वेगळा, वर्षाची घरपट्टी वेगळी.

कटकट होती ती वारसांची. घर एका म्हातारीचं, ती वारलेली, वारस सात. इथल्या या भागातून १९६० च्या दशकात लोक फ्रान्सला गेले ते गेलेच, काही सालाझारची हुकूमशाही आणि आफ्रिकेतली युद्धं टाळायला, बहुतेक पोटापाण्यासाठी. सातांपैकी तीन फ्रान्समध्ये, एक ब्राझीलमध्ये. सगळ्यांच्या सह्या हव्यात. सहा जणांनी केल्या. सातव्याने चौदा महिने केली नाही. पैशासाठी अडवतोय असं मला वाटलं, दलालालाही वाटलं. शेवटी तो स्वतः पॅरिसहून गाडी चालवत आला, पासष्टीचा गृहस्थ, घरात एकटा तासभर बसला, बाहेर येऊन म्हणाला, "बंद राहण्यापेक्षा बरं." आणि सही केली. कोकणातल्या किती घरांना कुलूप आहे, आणि त्या कुलपामागे असे किती सातवे भाऊ आहेत, हे मला तुम्हाला सांगायची गरज नाही.

किल्ली हातात देताना त्याने 'शाव्ह' म्हटलं. जुन्या पोर्तुगीजमध्ये त्या अक्षराचा उच्चार 'च' होता, पुढे त्यांच्याकडे 'श' झाला. आपण सोळाव्या शतकात ऐकलेलं धरून बसलो आणि अजून चावी म्हणतो. एवढं त्याला सांगितलं तर पहिल्यांदा हसला.

दलालाने घर विकताना आणखी एक गोष्ट विकली होती. दाराच्या दगडी चौकटीत बोटभर लांबीची खाच आहे. "मेझुझा!" असं तो म्हणाला. ज्यू लोक दाराच्या चौकटीवर धर्मवचनाची छोटी पेटी बसवतात, तिची खूण. आमच्या गल्लीत घर विकायला निघालं की प्रत्येक दारावर अशी खाच सापडते. मी महिनाभर पाहुण्यांना भक्तिभावाने दाखवली. मग कळलं की मेझुझा आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर बसवतात. आमची खाच डावीकडे. ती जुन्या बिजागरीची आहे. फोटोत अनेकांनी त्यावर हार्ट टाकले आहेत, ते परत घ्यायची गरज नाही, पण खरं काय ते सांगितलं.

इथे इतिहास खरा इतका आहे की खोट्याची गरज नाही. खालच्या चौकात सोळाव्या शतकातला झरा आहे, संगमरवरी खांब आणि वर छप्पर. वर जुनं सिनेगॉग, आता संग्रहालय. बेकरीत बोलेमा मिळते, सफरचंद घातलेली बिनखमिराची पोळी. ज्यूंच्या बिनखमिराच्या भाकरीशी लोक तिचं नातं जोडतात. आणि ईस्टरच्या आदल्या शनिवारी रात्री सगळं गाव गुरांच्या गळ्यातल्या घंटा घेऊन गल्ल्यांतून वाजवत फिरतं. आपण वसईच्या पोर्तुगीज घंटा नेऊन देवळांत टांगल्या, भीमाशंकरला जाऊन बघा. त्या रात्री मला तीच घंटा आठवते.

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष मारियू सोआरेश यांनी याच गावात येऊन ज्यूंच्या छळाबद्दल पोर्तुगालच्या वतीने क्षमा मागितली. २०१५ पासून हाकललेल्या ज्यूंच्या वंशजांना नागरिकत्व देणारा कायदा लागू झाला. पुढे त्यावर वाद झाले, अटी कडक होत गेल्या. गोवा, दमण, दीवमध्ये १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांनाही पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं, हे आपल्याला माहीतच आहे. वसईकरांना नाही. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये थोडा धीर धरला असता तर, हा विनोद मला आतापर्यंत चार जणांनी पाठवलाय.

आणि ज्याच्यामुळे गोव्याचा प्रश्न पोर्तुगालच्या बाजूनेही मिटला, तोही याच गावचा. कॅप्टन सालगैरू माया, जन्म इथला, १९४४. २५ एप्रिल १९७४ ला रणगाडे घेऊन लिस्बनमध्ये शिरलेल्या तुकडीचा प्रमुख. हुकूमशाही पडली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. माया १९९२ मध्ये वारला. इथल्या दफनभूमीत त्याची साधी कबर आहे, त्याच्याच इच्छेनुसार.

हे सगळं ठीक. पण आत्ताचं काय? मे २०२५ च्या निवडणुकीत परदेशी लोकांविरुद्ध बोलणारा शेगा पक्ष संसदेत दुसऱ्या क्रमांकावर आला. त्याच वर्षी त्यांच्या नेत्याचे फलक लागले, 'हा बांगलादेश नाही' असे. मी बाजारात जातो तेव्हा कोणी मला काही म्हणत नाही. मी घरवाला परदेशी. छप्पर दुरुस्त करतो, गवंड्याला पैसे देतो, घरपट्टी भरतो. पण याच आलेन्तेजूच्या किनाऱ्याकडे, ओदेमिराला, बेरीच्या प्लॅस्टिकच्या शेडमध्ये नेपाळी, बांगलादेशी, पंजाबी पोरं राबतात. २०२१ मध्ये करोना पसरला तेव्हा ती कशा खोल्यांत कोंबलेली होती ते सगळ्या देशाने टीव्हीवर पाहिलं. त्यांचा आणि माझा रंग एकच. फरक खरेदीखताचा. सहाशे कुटुंबं आणि आठ महिनेवाले.

वसईत आम्ही काय करायचो? मीच करायचो. नालासोपाऱ्याच्या चाळीतला भय्या आला की 'हे लोक', आणि बोरिवलीहून बंगला घ्यायला आलेला शेठ आला की 'साहेब'. फादर दिब्रिटोंच्या हरित वसईच्या सभांना जायचो तेव्हा जमीन आणि पाणी वाचवायचं आहे एवढंच डोक्यात असायचं, आणि ते योग्यच होतं. पण सभेनंतर नाक्यावर आम्ही जे बोलायचो ते जमीन-पाण्याबद्दल नसायचं. कोणाला टॅग करत नाही.

इथल्या लोकांचीही तक्रार खरी आहे. आमच्या गल्लीत चौदा दारं. पाच परदेशी लोकांची. डच, इंग्रज, एक ब्राझिलियन जोडपं. त्यातली तीन वर्षाचे दहा महिने बंद. दर वाढतात, दिवे मात्र वाढत नाहीत. शेजारी ऐंशीच्या घरातली आजी राहते. पहिलं वर्षभर मी तिच्यासाठी 'इंदियानू' होतो. तिने कधी वाईट वागवलं नाही, पण 'विझिन्यू', म्हणजे शेजारी, हा शब्द ती राखून वापरते. समोरच्या डच माणसाला सहा वर्षांत मिळालेला नाही.

मागच्या हिवाळ्यात आम्ही दोन महिने वसईला आलो होतो. परत आलो तर तिने दारातच अडवलं. "या हिवाळ्यात तरी असाल का? रात्री खिडकीत उजेड असला की बरं वाटतं. नाहीतर या बाजूला मी एकटीच."

लाकडं सांगून ठेवली आहेत, दोन टन. शनिवारी ट्रॉली येईल, पण गल्लीत शिरणार नाही, खालच्या चौकात ओतून जाईल. तिथून वर घरापर्यंत हाताने वाहायची. आजीने सांगितलंय की तिच्या घराच्या जिन्याखाली अर्धी रचायला जागा आहे.

कोणाला विसा-बिसाचं विचारायचं असेल तर कमेंटमध्ये विचारा, इनबॉक्स नको.